तार नव्हती

आजी : साठी आली तरी तुझ्या आत्याची खोटं बोलायची खोड गेली नाही. वाच, परत वाच ते.

नात : आजी, तीनदा वाचलं. तुला पाठ झालं असेल एव्हाना.

आजी : पाठ झालं म्हणून खरं होतं का? माझी शाळा दुसरीत सुटली, म्हणून तुला बसवलंय. वाच.

नात : "प्रश्न : तुम्ही या कामाकडे कशा वळलात? उत्तर : शिष्यवृत्ती मिळाली म्हणून. प्रश्न : तुम्ही तपासलेला पहिला गोठा कोणता? उत्तर : आमच्या संस्थेचा." झालं. आत्या निवृत्त होतेय, ऑफिसवाले तिच्यावर पुस्तिका काढतायत, त्यांनी विचारलं आणि तिनं सांगितलं. यात खोटं काय?

आजी : अडतीस वर्षं दुभत्या गाईंच्या रोगांचे जंतू शोधले तिनं. लोक गाई लपवायचे, 'सुईवाली आली, सुईवाली आली' करत. एका गाईनं लाथ घालून मनगट मोडलं, तर डाव्या हातानं बाटल्या भरून आली. लग्नाचं बोलायला माणसं आली होती, तेव्हा ही दारातून शिरली ती फिनेलचा वास घेऊन, हातात बर्फाचा डबा. आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल त्यांना?

नात : काय?

आजी : "तुमच्याकडे दूध उकळून पितात ना?"

नात : मग?

आजी : मग काय! कपातला चहा कपात राहिला. एवढं सगळं जिनं केलं, तिनं ते शिष्यवृत्तीपायी केलं म्हणे.

(आत्या दारात येते. कोपरांपर्यंत धुतलेले हात टॉवेलला पुसते आहे.)

आत्या : घरात माझी धुलाई चाललीय वाटतं.

आजी : तुझी तूच करतेस की. साबणाची अर्धी वडी संपवलीस. बैस इथं.

आत्या : बसायला वेळ नाही. ड्रायव्हर थांबलाय, हे कागद आज छापायला जायचेत. सही करते आणि देते.

आजी : थांबू दे. खुर्ची दिलीय, पाणी दिलंय. तुझा पहिला गोठा कोणता?

आत्या : लिहिलंय त्यात.

आजी : लिहिलेलं तुम्हा शिकलेल्यांसाठी. मला तोंडानं सांग.

आत्या : संस्थेचा.

आजी : माझ्याकडे बघून.

नात : आजी, काय वकिलासारखी मागे लागलीस?

आजी : तू गप. ही बावीस वर्षांची होती. शिकायला गेली, आणि पहिल्या सुट्टीत पेटी घेऊन घरी आली. माझ्या सहाही गाईंच्या मानेवरचे केस कापले, चिमट्यानं कातडीची जाडी मोजली, सुया टोचल्या. तीन दिवसांनी परत मोजायचं म्हणाली.

आत्या : सराव होता तो.

आजी : तिसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी गोठ्यात गेले. पाच गाईंच्या मानेला काही नाही. चांदीच्या मानेवर लिंबाएवढी गाठ. हाताला गरम लागली.

आत्या : तू हात लावला होतास?

आजी : माझी गाय, माझा हात. कुणाला विचारायचं होतं?

आत्या : कधी बोलली नाहीस.

आजी : तू बोलायला जागा ठेवलीस कुठं? आत आलीस ती सांगतच, चांदीच्या पोटात तार गेलीय, आता ती वाचत नाही, हाल नकोत, सुई देऊन निजवते.

नात : तार?

आत्या : चाऱ्याबरोबर गाई कधी खिळा, तारेचा तुकडा गिळतात. तो काळजात घुसतो.

आजी : माझ्या गोठ्यात तार! दिवसातून दोनदा झाडायचे मी, कोपरे हातानं चाचपायचे. त्या गोठ्यातली गाय म्हणे तार खाऊन मेली. बायका पाण्याला भेटल्या की म्हणायच्या, वरून चकचकीत, आत उकिरडा. आणि मी, जिनं कुणाचं अर्धं वाक्य कधी ऐकून घेतलं नाही, तिनं ते मुकाट ऐकलं.

आत्या : मला दुसरं काही सुचलं नाही, आई.

नात : पण चांदीला झालं काय होतं?

आत्या : जुनं आहे ते. सोड.

आजी : ती नाही सांगायची, मी सांगते. भिंतीवरच्या फोटोतला तुझा काका. माझा मधला. सात वर्षांचा, काडीसारखा. त्याला मी रोज चांदीचं दूध द्यायचे. धार थेट पेल्यात, फेसासकट, कोमट. उकळलेलं नव्हे. मला वाटायचं, एकाच गाईचं धारोष्ण दूध पोराच्या अंगी लागतं. आणि चांदीसारखी गाय कुणाकडे नव्हती. तिची दावण वेगळी, तिची पाण्याची बादली वेगळी. राणी होती. बाकी घराला उरलेल्या पाच जणींचं एकत्र दूध, तेही उकळून, चहापुरतं.

आत्या : आई, पुरे झालं.

आजी : पुरे कसं? खरं तर पुढंच आहे. ही तेव्हा चौदाची. दाराला टेकून पेल्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, मला पण दे ना. मी म्हटलं, तुला काय धाड भरलीय? पोरीच्या जातीला चहा पुरे.

नात : आजी!

आजी : म्हटलं ते म्हटलं. आता गोड करून सांगू का? त्या चहानं ती वाचली.

नात : आणि काका?

आजी : मानेला गाठी आल्या. रोज संध्याकाळी ताप. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय वाळलेले. वर्षभर काढलं त्यानं. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे, घरात कुणी खोकतं का? खोकायची एकच. माझी जाऊ. दमा होता बिचारीला. मी तिला भर दारात, दहा माणसांत म्हटलं, माझं पोर तू खाल्लंस. पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही.

आत्या : काकूला तू आठ वर्षं तोंड दाखवलं नाहीस. म्हणून तर मी घाबरले. परक्याचा दोष तुला एवढा सोसेना, तर स्वतःचा कसा सोसशील?

आजी : सुई क्षयाची, गाठ आली तर गाईला क्षय, हे टोचताना तूच सांगितलं होतंस. गाठ हाताला लागली त्याच दुपारी मी तिच्याकडे गेले होते.

आत्या : काकूकडे? तू?

आजी : ती खाटेवर होती, मोरीत भांड्यांचा ढीग. बसले आणि घासली. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग ती असेपर्यंत, चार वर्षं, रोज जात राहिले. पण जे दहा माणसांत बोलले, ते दहा माणसांत परत घेतलं नाही. जीभ रेटली नाही माझी. तिची नातवंडं अजून आपल्याला रस्त्यात बघून मान फिरवतात. कुणामुळं?

आत्या : त्या सुट्टीत मी चांदीचं बाटलीभर दूध बरोबर नेलं होतं.

आजी : हे मला माहीत नव्हतं.

आत्या : काचेच्या नळीत वाढायला लावलं. हे क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात, महिना दोन महिने घेतात. मी रोज नळी उजेडात धरायचे आणि मनात म्हणायचे, काही उगवू नकोस. सातवा आठवडा गेला, मला वाटलं सुटलो. आठव्याला त्यांचे पुंजके दिसले. रव्याच्या कणांएवढे, पांढरे. मास्तर म्हणाले, शाब्बास, पहिल्याच नमुन्यात सापडले. मी नोंदवहीत गाईच्या नावाची जागा कोरी ठेवली.

नात : आत्या...

आत्या : त्या दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. हे दुसऱ्या कुठल्या आईच्या हातून होऊ द्यायचं नाही. आणि माझ्या आईला कळू द्यायचं नाही.

आजी : पहिली निभावलीस.

नात : म्हणजे दोघींनाही माहीत होतं? आणि अडतीस वर्षं एकमेकींसमोर दूध उकळत होतात?

आजी : ही घरी आली की शेगडी हिच्या ताब्यात. दूध तीनदा वर येईपर्यंत हलायची नाही. मी पाठ करून भाजी चिरायचे.

आत्या : मला वाटायचं, तुझं लक्ष नसतं.

आजी : गाईच्या मानेवरची गाठ मोजता आली तुला. आईच्या गळ्यातली कधी दिसली नाही.

आत्या : हे छापलं तर लोक तुला बोलतील, आई. या वयात कुणी तोंडावर म्हणालं तर?

आजी : म्हणू देत. माझ्या जिभेपुढं टिकणारं कुणी उरलंय का अजून? आणि एखादी आपल्या पोराच्या हातात पेला देतादेता थांबली, तर? 'संस्थेचा गोठा' वाचून कोण थांबणार आहे?

नात : हॉर्न वाजवतोय तो.

आत्या : त्याला म्हणावं, दहा मिनिटं. पेन दे इकडे.

नात : हे घे. संस्थेचं नाव खोडलंस?

आत्या : खोडलं. "माझा पहिला गोठा माझ्या आईचा. सहा गाई. त्यांपैकी एक..." पुढं हात चालत नाही, आई.

आजी : मग ऐक, आज तुला तोंडावर सांगते. कामात तुझा हात धरणारं कुणी नाही, हे मी चारचौघांत सांगत आले, तुला कधी सांगितलं नाही. ती माझी चूक. पण लेक म्हणून तू माझा अपमान केलास. आईला झेपायचं नाही, हे तू परस्पर ठरवलंस. माझं पोर माझ्या मांडीवर गेलं, ते मी सोसलं. खरं सोसलं नसतं? लिही. पेला माझ्या हातचा होता, लिही. जाऊबाईंचा काही दोष नव्हता, हे ठळक लिही. आणि खाली लिही, गोठा झाडलेला होता. तार नव्हती.