बारा शब्द

चंदीगडच्या मनीमाजऱ्यात दातांच्या डॉक्टरकडे मेघना नंबरची वाट बघत होती. समोरच्या बाकावर एक काका-काकू मराठीत भांडत होते.

"अहो, पण ते बिटकॉइन ठेवलंय कुठे?"

"कुठेच नाही. बारा गुप्त शब्द आहेत. ज्याला कळले, त्याचे पैसे."

"मग वहीत लिहा ना."

"वही चोरीला गेली तर? मी शब्दांचं मराठी केलंय, पाठ कर."

"इथे, चारचौघांत?"

"चंदीगडात कुणाच्या बापाला मराठी कळतंय!"

काकांनी बाराही शब्द खणखणीत आवाजात दोनदा म्हटले. काकू अकराव्यावर अडकल्या.

"मांजर, छत्री... मामा, लिंबू, कांदा... पुढे काय हो?"

"कांदा... कांदा... अगं, आत्ता तर सांगितला!"

मेघनाला राहवेना.

"काका, कांद्यानंतर लसूण."