काढघालीचा आठवडा

...आणि वर बायको मलाच विचारते, "अबू सुंदुस, एवढी गोष्ट तुझ्या पोटात चार दिवस राहिलीच कशी?" आता काय सांगणार, कपाळ! तुम्हाला सांगतो, माणसानं दोन बायकांच्या मध्ये कधी उभं राहू नये, आणि त्यातली एक बायको नि दुसरी पोटची पोरगी असेल तर त्या गावातच राहू नये! पण मी राहतो. इथेच, इर्बिदमध्ये, विद्यापीठाच्या फाटकासमोर माझं दाणे-बिया भाजायचं दुकान आहे, वीस वर्षं झाली, आणि वीस वर्षं मी बघतोय, दर सत्राच्या पहिल्या आठवड्यात पोरं भोपळ्याच्या बिया फोडत फोडत मोबाइलवर बोटं मारत असतात. हा विषय काढ, तो घाल, हा मास्तर नको, तो हवा. काढघालीचा आठवडा! मी आपला हसायचो. म्हणायचो, काय मजा आहे बुवा, सोडायचं म्हणजे काय, एक बटण!

हसायचो हो. आमच्या घरात ते बटण दाबलं जाईपर्यंत हसायचो.

झालं काय, तर माझी बायको इब्तिहाल हिचा पदवीचा एक विषय राहिला होता. एकच! सांख्यिकी. एकवीस वर्षांपूर्वी शेवटच्या सत्रात राहिला तो राहिलाच. आणि यंदा विद्यापीठानं नियम काढला, की ज्यांचा एखादाच विषय राहिलाय त्यांनी या सत्रात येऊन पुरा करावा, पदवी न्यावी, पुढच्या सत्रापासून दार बंद. तुम्हाला सांगतो, तो नियम वाचून ही बाई स्वयंपाकघरात नाचली! हातात वांगं, तसंच! दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन वह्या आणल्या, फुलाफुलांच्या, आणि मला म्हणते, "कंपास पेटी लागेल का रे?" बेचाळीस वर्षांची बाई!

आता आमची लेक सुंदुस, जिच्यामुळे मी अबू सुंदुस, म्हणजे सुंदुसचा बाप, ती तिथेच शिकते, अर्थशास्त्राला, दुसऱ्या वर्षाला. आणि तिलाही हाच विषय. आणि वर्ग किती? एक. वार कुठला? रविवार. वेळ? सकाळी आठ! आणि शिकवणार कोण, तर डॉक्टर मुअतसिम, ज्यांचं नाव ऐकलं की पोरांच्या हातातली बी खाली पडते! नापास करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यामुळे त्या वर्गात मोजून दहा जण. त्या दहांत एक आई, एक लेक.

पहिल्या रविवारी काय झालं ते मला सुंदुसनं सांगितलं, दुकानात येऊन, बदामाच्या पोत्यावर बसून, रडत. ही पाच मिनिटं उशिरा पोचली. आई पहिल्या बाकावर. डॉक्टर फळ्यावर काहीतरी लिहितायत, सगळीकडे शांतता, आणि आईनं मागे वळून, मोठ्यानं, "सुंदुस! न्याहारी न करता आलीस ना?" झालं. एवढ्यावर थांबली असती तर ती इब्तिहाल कसली? पिशवीतून लबनेची, म्हणजे आमच्या घट्ट दह्याची, गुंडाळलेली पोळी काढली आणि शेजारच्या मुलाला दिली, "बाळा, हे मागे दे, माझ्या लेकीला, तिला उपाशीपोटी चक्कर येते." ती पोळी, तुम्हाला सांगतो, नऊ हातांतून गेली! म्हणजे आईचा हात धरून नऊ. आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतोय, "तिच्या लेकीला, चक्कर येते." शेवटून दुसऱ्या बाकावर तो हम्माद बसतो, ज्याच्याकडे ही वर्षभर बघतसुद्धा नव्हती, म्हणजे किती बघत होती ते कळलं मला! तो पोळी देताना हळूच म्हणाला, "काकडी जास्त घातलीय वाटतं."

"बाबा, मी मेले!" सुंदुस म्हणाली.

"मेली नाहीस. काकडी चांगली असते," मी म्हटलं.

"मी विषय सोडला, बाबा."

"कधी?"

"जिन्यात. मोबाइलवर. आईला सांगू नका, तुम्हाला माझी शपथ!"

सोडायचं म्हणजे काय, एक बटण! जिन्यात, उतरता उतरता! मी म्हटलं ठीक आहे, दुसरा विषय घेईल. पण हिनं आधी सोडला, मग शोधायला लागली! आणि बाकीचे सगळे वर्ग भरलेले. आता राहिले हिचे नऊ तास. आणि हिच्या शिष्यवृत्तीचा नियम काय? आठवड्याचे बारा तास हवेत, एक तास कमी झाला तरी शिष्यवृत्ती बंद! मी म्हटलं, "अगं, मग परत जा त्याच वर्गात." तर म्हणते, "गुरुवारी तीनपर्यंत मुदत आहे बाबा, कुठेतरी जागा सुटेलच. नाही सुटली तर जाते, शप्पथ."

सोमवारी सकाळी इब्तिहालच्या मोबाइलवर विद्यापीठाचा निरोप. सांख्यिकीच्या वर्गात नऊ विद्यार्थी उरले आहेत. किमान दहा लागतात. गुरुवारी तीनपर्यंत दहा झाले नाहीत तर वर्ग रद्द.

वर्ग रद्द! म्हणजे विषय नाही, म्हणजे पदवी नाही, म्हणजे दार बंद, कायमचं. ती मोबाइल हातात घेऊन बसूनच राहिली. आणि मग उठली आणि सुरू झाली. "कोण तो करंटा? कोण तो दहावा? ज्यानं माझा वर्ग सोडला त्याच्या चहात साखरेऐवजी मीठ पडो! त्याची चप्पल मशिदीच्या दारातून जावो! त्याला लग्नात मनसफचा भात मिळो, पण वरचं मटण संपलेलं असो!" आणि समोर बसून सुंदुस डाळीचं सूप पितेय, मान खाली, इतकी खाली की केस सुपात! आणि मी? मी भिंतीकडे बघतोय. तुम्हाला सांगतो, आमची भिंत इतकी नीट मी कधीच बघितली नव्हती.

"तुला काय वाटतं अबू सुंदुस, कसल्या आईबापाचं पोर असेल ते?"



"चांगल्या घरचं असेल," मी म्हटलं. "चुकलं असेल बिचारं."

"बाप मूर्ख असणार," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "ते शक्य आहे."

सोडायचं म्हणजे काय, एक बटण! पण शिव्या खायला अख्खं खानदान!

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं तर काजूची बरणी रिकामी. पिस्ते गायब. भाजलेल्या बियांचं अर्धं पोतं नाही! मला वाटलं चोरी. शेजारचा चपलांचा दुकानदार म्हणतो, "चोरी कसली, वहिनी घेऊन गेल्या, हातगाडीवर घालून!" मी धावत विद्यापीठात. तर नोंदणीच्या दालनाच्या दारात आमच्या सौभाग्यवती टेबल मांडून उभ्या! किटलीत वेलदोड्याची कॉफी, पुढ्यात माझे पिस्ते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोराला धरून, "ये बाळा, घे, मूठभर घे. सांख्यिकी घेतलास का?"

"मावशी, डॉक्टर मुअतसिम? ते नापास करतात!"

"करू देत. मी शिकवीन तुला. आधी खा."

"मावशी, रविवारी सकाळी आठला मला जाग येत नाही."

"नंबर दे. मी उठवते. माझी लेक उठते माझ्या आवाजानं, तिच्यामागे अख्खी आळी उठते!"

एक उंच पोरगा म्हणतो, "मावशी, मी वाङ्मयाचा आहे, मला हा विषयच नाही."

"नसेना का! ऐच्छिक म्हणून घे. कवी माणसाला सरासरी काढता यायला नको?"

तुम्हाला सांगतो, मंगळवारी पाच आले. माझ्या मते वर्ग वाचला होता, तिथेच थांबायला हवं होतं! पण ही म्हणते, "पाचही पळाले तर?" बुधवारी अकरा. गुरुवारी सकाळी आणखी दहा. कुणी काजूसाठी आलं, कुणी कॉफीसाठी, कुणी नुसतं गर्दी बघून. साडेबाराला वर्ग भरला. पस्तीस! त्या वर्गाची मर्यादाच पस्तीस. नोंदणीच्या खिडकीवर उस्ताद शहादे म्हणून आहेत, तीस वर्षं तिथं बसतात, ते उठून उभे राहिले म्हणे. "उम्म सुंदुस, डॉक्टर मुअतसिमचा वर्ग भरलेला मी हयातीत पहिल्यांदा बघतोय!"

आणि दोन वाजता माझ्या दुकानात सुंदुस. पांढरीफटक. "बाबा, कुठेच जागा सुटली नाही. मी परत सांख्यिकी घ्यायला गेले. बाबा, तो भरलाय!"

आता बघा! आईचा वर्ग रिकामा झाला तो लेकीनं सोडला म्हणून, आणि लेकीला जागा नाही ती आईनं भरला म्हणून! आणि पिस्ते कुणाचे? माझे! सोडायचं म्हणजे काय, एक बटण! आणि धरायचं म्हणजे?

मी दुकानाला कुलूप लावलं, पोरीचा हात धरला आणि चाललो. दालनात टेबलाशी इब्तिहाल, भोवती पोरं टाळ्या वाजवतायत. सुंदुस पुढे झाली आणि एका दमात बोलून टाकलं. "आई, तो दहावा करंटा मी आहे."

टाळ्या थांबल्या. इब्तिहालनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंत शोधत होतो, पण तिथं सगळ्या काचाच.

"पोळीमुळे?" तिनं विचारलं.

"पोळीमुळे," सुंदुस रडत म्हणाली. "आता माझे नऊच तास आहेत."

मला वाटलं, आता चप्पल निघणार. नाही. ही शांतपणे खिडकीशी गेली आणि म्हणाली, "उस्ताद शहादे, विषय सोडायचा फॉर्म द्या. माझं नाव काढा, हिचं घाला."

"आई, नको!"

"गप्प बस. मी काय, एकवीस वर्षं थांबलेय." आणि हसली हो! "तेव्हासुद्धा तुझ्यासाठीच सोडला होता, परीक्षेच्या दिवशीच यायचं सुचलं तुला."

आता तुम्हाला एक खरं सांगतो, हसू नका. तेव्हा बटण नव्हतं. कागद होता. ही दवाखान्यात, सुंदुस दोन दिवसांची, आणि तो कागद या खिडकीवर मी आणून दिला होता. ह्याच हातानं. हिनं सही करताना विचारलं होतं, "पुढच्या वर्षी देता येईल ना?" आणि मी म्हटलं होतं, "हो, त्यात काय!" त्यानंतर मी एकदाही तो विषय काढला नाही. वीस वर्षं फाटकासमोर दुकान टाकून बसलो, आणि एकदाही म्हटलं नाही, इब्तिहाल, जा आत.

उस्ताद शहादेंनी फॉर्म पुढे सरकवला, हिनं पेन उघडलं, आणि मी तो फॉर्म उचलला. काय करावं ते काही सुचेना! मग हातांना जे येतं ते हातांनी केलं. फॉर्मची पुडी वळली, त्यात भाजलेल्या बिया भरल्या, वरून मुरगाळून बंद केली आणि शहादेंच्या पुढ्यात ठेवली. "घ्या साहेब," मी म्हटलं. "गरम आहेत."

शहादेंनी पुडीकडे बघितलं. एक बी फोडली. "अबू सुंदुस, हा सरकारी कागद आहे."

"मीठ कमी आहे का?"

"मीठ बरोबर आहे," ते म्हणाले. "पण छत्तिसाव्या नावाला सिस्टीम हो म्हणत नाही. शिकवणाऱ्याची सही लागते."

शिकवणारा! पोरं पळाली वरच्या मजल्यावर. दोन वाजून चाळीस मिनिटं. आणि जिन्यावरून डॉक्टर मुअतसिम उतरले, हातात खडू, कपाळाला आठ्या, मागे वरात. शहादेंनी यादी दाखवली. डॉक्टरांनी वाचली. पुन्हा वाचली. "पस्तीस? माझ्याकडे? स्वखुशीनं?"

"पिस्त्यांनी," तो उंच कवी मागून म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुसतच राहिले. "आणि हिला पण यायचंय? जी पहिल्याच दिवशी पळाली?"

"यायचंय सर," सुंदुस म्हणाली.

"खुर्च्या पस्तीसच आहेत."

मग तेच म्हणाले, "माझी घे. मी नाहीतरी उभाच असतो." आणि सही केली! सुंदुसनं आईला मिठी मारली, इब्तिहालनं जीभ उडवून अशी ललकारी दिली की वाचनालयातून लोक बाहेर आले, कुणाचं लग्न म्हणून! दोन पन्नासला शहादेंनी बटण दाबलं.

सत्र छान गेलं. रविवारी सकाळी सहापासून आमच्या घरातून एकोणीस पोरांना फोन जायचे. शुक्रवारी माझ्या दुकानात शिकवणी, बदाम आणि अक्रोड मिसळून ही विचारायची, "डोळे मिटून बदाम निघायची शक्यता किती?" पोरं उत्तर द्यायची आणि अक्रोड खायची. नापास फक्त दोन झाले, आणि त्या हम्मादला सुंदुसपेक्षा एक गुण जास्त मिळाला, त्यावरून अजून दोघांत बोलाचाली चालते, रोज, तासन्‌तास, काय कळायचं ते मला कळलंय. इब्तिहालला एक्क्याण्णव! पदवी घेताना काळा झगा घालून मंचावर गेली आणि स्वतःसाठी स्वतःच ललकारी दिली. मी रडलो. कांदा कापत नव्हतो, खरंच रडलो.

तर सगळं गोड झालं ना? मग मी तक्रार कसली करतोय? सांगतो. काल संध्याकाळी चहा घेताना ही म्हणते, "अबू सुंदुस, विद्यापीठानं मोठ्या माणसांसाठी सांख्यिकीचा वर्ग काढलाय. डॉक्टर मुअतसिमच घेणार. तुझं नाव घातलंय."

"माझं? मला न विचारता?"

"तुझ्या ओळखपत्राचा फोटो होता माझ्याकडे. अरे, घाबरतोस काय, नाही आवडलं तर सोड की! सोडायचं म्हणजे काय, एक बटण!"

म्हटलं, हे बरं आहे. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी शहादेंची खिडकी गाठली. पुडी पुढे केली. बिया नाही, पिस्ते! शहादेंनी पिस्ता फोडला, पडद्यावर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले,

"अबू सुंदुस, काढघाल काल तीन वाजता संपली. वहिनींनी विचारलं होतं मला, तुम्हाला कधी सांगू म्हणून."