हेल्मेटवाले सोनाजी सर

...आणि वर म्हणतात, हेल्मेट घातलं की माणूस ओळखू येत नाही! कोण म्हणतं? ज्यानं म्हटलं असेल त्याला म्हणावं, बाबा रे, एकदा आमच्या हिंगोली जिल्ह्यात ये, ते काळ्या काचेचं मडकं डोक्यावर चढव, मोटरसायकलला किक मार आणि गावाबाहेर पडून दाखव! पहिल्याच चौकात पानटपरीवरून हाक येईल, "काय सोनाजी सर, कुणीकडं?" तू सोनाजी नसलास तरी येईल! कारण तुम्हाला सांगतो, अख्ख्या जिल्ह्यात हेल्मेट घालणारा माणूस एकच, आमचे सोनाजी मास्तर. बाकीच्यांची हेल्मेटं घरी, माळ्यावर. कुणाच्यात लसूण ठेवलाय, कुणाच्यात कोंबडी अंड्यावर बसलीय... खोटं वाटत असेल तर कोंबडीला विचारा!

आता मास्तरांनी हेल्मेट घेतलं काहून? डोकं वाचवायला? छे! चहा वाचवायला. मास्तर हिंगोलीच्या हायस्कूलात चित्रकला शिकवतात. जिल्ह्यातल्या निम्म्या पोरांना त्यांनी मोर काढायला शिकवला आणि त्यातल्या निम्म्यांचा कावळा झाला, पण माया इतकी, की कुठल्याही फाट्यावर गाडी हळू झाली की एखादा कावळेवाला धावत येणारच. "सर, चहा!" आणि आपल्याकडं चहाला नाही म्हणायची सोय आहे का? गावावरून गेलात आणि थांबला नाहीत, तर पुढची तीन लग्नं तुम्हाला आवतण नाही! म्हणून मास्तरांनी शोधून शोधून काळ्या काचेचं हेल्मेट आणलं. ओळख लपवायला! आणि झालं काय? ज्यांना आधी मास्तर लांबून दिसत नव्हते, त्यांनाही आता दिसायला लागले!

पण मास्तर खचणारे नव्हेत. दिवाळी सरली, सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली, की दर रविवारी गाडी पुसायची आणि छाती फुगवून जाहीर करायचं, "एकटं जायचं, एकटं यायचं, उनात घरी!"

आणि खरं सांगू? त्या दिवसांत गाडीवर फिरण्यात जे सुख आहे ना, ते राजालाही नाही. लोणी कढवल्यासारखं ऊन. तूर पिवळी फुललेली, कापूस फुटलेला, सोयाबीनच्या भुसाचा खरपूस वास. झाडाच्या सावलीत गाडी शिरली की अंगावर काटा, बाहेर पडली की ऊब. सावली, ऊन, सावली, ऊन... चित्रकलेचा माणूस, त्याला वाटायचं कुणीतरी आपल्याच अंगावर ब्रशनं गार-गरम पट्टे मारतंय. गाडी तशी साधी, काळी, दर दुसऱ्या दारात उभी असते तसलीच. पण मास्तरांनी अशी जपलेली, की इंजिनाचा आवाज म्हणजे दूध पिऊन झोपलेलं मांजर!

थंडीवर मास्तरांचा इलाज ठरलेला. शर्टाच्या आत पेपर. मुख्य अंक छातीला, रविवारची पुरवणी पाठीला. वारा आत शिरायची बिशाद नाही! फक्त मागच्या साली एकदा घामानं शाई बनियनवर उमटली. उलटी उमटली, पण पद्माबाई, म्हणजे मास्तरांची बायको, वस्ताद! तिनं बनियन आरशापुढं धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "प्रवास टाळावा. घरच्यांचे ऐकावे." बघा! पोटावर भविष्य घेऊन फिरणारा माणूस, पण वाचलं बायकोनं!

आणि भविष्य खरं ठरलं हो. त्याच हिवाळ्यात मास्तर एकदा अंधार पडल्यावर गारठ्यातून आले आणि असे खोकले, असे खोकले, की शेजारच्यांच्या पत्र्यावरचे दगड खाली आले. गल्लीतली कुत्री भुंकायची सोडून काढा मागायला लागली! म्हणून या दिवाळीत पद्माबाईनं सगळ्यांसमोर निकाल दिला, "फिरा. पन एकदा जरी दिवस बुडाल्यावर आलात, त गाडी रत्नपालला!"

रत्नपाल म्हणजे तिचा धाकटा भाऊ. राहतो आखाडा बाळापूरला, अगदी रस्त्याला लागून. घरी ट्रॅक्टर आहे, पण डोळा कशावर? त्या मांजरावर! बहिणीचा निकाल ऐकून हा पठ्ठ्या शंकरपाळं खाता खाता असा हसला, असा हसला, की मास्तरांनी गाडीची किल्ली आधी खिशात घातली.

तरी पुढच्या रविवारी छाती फुगलीच. "एकटं जायचं, एकटं यायचं, उनात घरी!"

औंढा, वसमत झालं, कुरुंद्याला सेवा नावाच्या जुन्या विद्यार्थ्यानं हळदीच्या शेतातूनच हेल्मेट ओळखलं आणि बांधावर चहा पाजला. कावळेवालाच तो. चहा पिता पिता म्हणाला, "सर, बाळापुराहून जाऊन राहिले का? मंग जपून. तुमचे मेव्हणे रस्त्यावर खुर्ची टाकून बसलेत म्हने. कोंबडं कापलंय. जवायाला जेवू घालनार, पान खिलवनार, आन् दिवस बुडंस्तोवर उठू देनार न्हाईत म्हने!"

आता आली का पंचाईत? दुसऱ्या वाटेनं जावं तर दिवस पुरत नाही. सासरवाडीच्या दारावरून न थांबता जावं, तर मेव्हणा हाक मारणार. आणि मेव्हण्यानं हाक मारल्यावर न थांबणारा जावई अजून जन्मायचाय! जेवायला बसलं की गाडी गेली!

पण डोकं कुणाचं? मास्तरांचं! बाळापूरच्या अलीकडं एका लिंबाखाली गाडी थांबवली आणि स्वतःलाच म्हणाले, लोक ओळखतात कशानं? हेल्मेटानं! मग हेल्मेटच काढलं तर? काढलं. कापडी पिशवीत घातलं. पिशवी हँडलला अडकवली. तोंडाला रुमाल गुंडाळला, नुसते डोळे उघडे. झाला ना जिल्ह्यातल्या हजारांतला एक!

आणि तुम्हाला सांगतो, जमलं! रत्नपाल खरंच रस्त्यावर खुर्ची टाकून बसलेला, नजर लांब हेल्मेटाच्या वाटेकडं, मोबाइलवर मसाल्याची चर्चा, "तिखट टाक, पानी प्यायला थांबले पायजेत!" आणि त्याच्या नाकासमोरून मांजर गुरगुरत गेलं! मास्तरांना रुमालात हसू मावेना. हाताच्या अंतरावरून गेले हो!

पण मास्तर एक विसरले. हेल्मेटवाल्याला लोक चहाला थांबवतात. मान्य. पण बिनहेल्मेटाच्या, मागची सीट मोकळी असलेल्या माणसाला? त्याला बसायला थांबवतात! गावाच्या टोकाला एका म्हातारीनं गाठोडं काखेत मारून हात वर केला आणि मास्तरांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. म्हातारीचा हात बघून पुढं जाणारा माणूस आपल्याकडं नाहीच. गाडी थांबते न थांबते तोच म्हातारी एका अंगाला बसली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "चाल रे पोरा."

आवाज ऐकला आणि मास्तरांच्या छातीवरचा पेपर थरथरला. सासू! लखमाबाई! रत्नपालची आई!

आता बोलावं तर आवाज ओळखणार. उतरवावं तर पाप. आणि ओळख दिली, तर जावई आलाय म्हणून घरी परत नेणार, तिथं कोंबडं तयार! मास्तर नुसते म्हणाले, "हं."

"हिंगोलीला चाललास न्हवं?"

"हं."

"बरं झालं. लेकीकडं चालले. पोरानं माह्या जवायाला अडकवाया कोंबडं कापलंय. म्या म्हनलं, असलं कोंबडं मला न्हाई गोड लागत, म्या चालले." आणि मग जी सुरू झाली हो! "जवाई मास्तर हाय माहा. चित्रं काढतंय. लग्नाला इतकी वर्सं झाली, माहं एक चित्र काढलं न्हाई त्यानं! म्हशीचं काढलं. आमच्याच दारात बसून, आमच्याच म्हशीचं! म्या बाजूला उभी शेनाचं टोपलं घिऊन, का आता काढंल, मंग काढंल. मला वगळून म्हैस काढली रे!"

मास्तरांना रस्ता दिसेना. ती म्हैस आठवली. चित्राला बक्षीससुद्धा मिळालेलं...

"आन् दर ऐतवारी येकलाच फिरतंय. त्याला म्हनावं, तुह्यासारकी हौस माह्या जिवाला न्हाई का? पोरगं ट्रॅक्टर फिरवतंय, त्यावर बसले की हाडं मोजून घ्यावी लागतात. मला बी न्या असं म्या कवा म्हनले न्हाई. पन त्यानं तरी कवा इचारलं?"

"हं," मास्तर म्हणाले, पण या वेळी अगदी बारीक.

इकडं सूर्य खाली खाली. मास्तरांनी जरा वेग घेतला की पाठीत कोपर, "जीव नको झालाय का तुला?" मग वाटेत सीताफळं दिसली, थांब. ओळखीची बाई दिसली, थांब. तिला सीताफळं दे, थांब. कयाधू नदीकाठचा गारवा लागला तशी म्हातारी कुडकुडायला लागली. मास्तरांनी मुकाट्यानं शर्टातून मुख्य अंक काढून दिला. पुरवणी दिली. ती लुगड्यात कोंबून म्हणाली, "डोस्कं गार पडलं. त्या पिशवीत काय हाय?" आणि हँडलपर्यंत हात घालून हेल्मेट काढलं, डोक्यावर चढवलं आणि काच खाली केली. मास्तरांना वाटलं, जाऊ द्या, निदान आता बोलणं तरी ऐकू येणार नाही!

पुढचाच फाटा आला आणि चहाच्या टपरीवरून एकदम गलका, "ओ सोनाजी सर! आज मागं बसले व्हय? ड्रायव्हर ठेवला का?"

पाठीवर एक थाप पडली. "थांब."

गाडी थांबली. मास्तरांनी खाली मान घालून रुमाल सोडला आणि म्हणाले, "मामी... म्या हाव."

हेल्मेटाची काच हळूच वर गेली. आत म्हातारीचे डोळे असे चमकत होते!

"ठावं हाय. आवाजावरनंच वळखलं. अशी घरघर दुसऱ्या कोन्च्या गाडीला हाय का?"

"मंग... इतकं सगळं बोलल्या?"

"जवायाच्या तोंडावर कसं बोलावं? पाठ गावली, बोलून घेतलं!" आणि काच खाली करून म्हणाली, "चाहा सांगा. साखर जास्त."

आता सांगा, अशा सासूला चहा नको म्हणायचं? प्यायले. निवांत प्यायले. तिकडं दिवस तुरीच्या शेंड्याला टेकला, मग शेंड्याखाली गेला, मग गेलाच.

हिंगोलीत दारात पद्माबाई उभी. एका हातात मोबाइल, मोबाइलात रत्नपाल ओरडून राहिला, "अक्का, दिवस बुडाला! गाडी माही! म्या कोंबडं घिऊन बसलो हितं!"

पद्माबाईनं नवऱ्याकडं बघितलं. उघडं डोकं, नाक लाल. मग मागं बघितलं. हेल्मेट घातलेलं लुगडं. "ह्या कोन?"

म्हातारी उतरली. काच वर. लेक बघतच राहिली! मग आईनं मोबाइल हातात घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "रत्नपाल, कोंबडं तूच खा. गाडी हितंच ऱ्हाईल. गाडी तुला दिली त ऐतवारी मला कोन फिरवंल? तुहा ट्रॅक्टर?" आणि लेकीला म्हणाली, "आन् तू गं, नवऱ्याच्या डोस्क्याला वारा लागू देतीस? तेल लाव. थंडी सरंस्तोवर म्या हाय हितं."

पद्माबाई तेल गरम करायला आत गेली. आईपुढं निकाल चालतो का कुणाचा?

झालं! गाडी वाचली! मास्तर जिंकले, कोण नाही म्हणतो? म्हातारीचं चित्रही काढलं त्यांनी. म्हशीला वगळून! भिंतीवर लावलंय, हेल्मेटसकट. आणि अजूनही दर रविवारी सकाळी वाफ सोडत, गाडी पुसत, तीच छाती फुगवून म्हणतात, "एकटं जायचं, एकटं या..." आणि पाठीवर थाप पडते, "चला जवाईबापू, आज सेनगावाकडं जाऊ."

हेल्मेट तिच्या डोक्यावर. पेपर तिच्या लुगड्यात. मास्तर पुढं, उघडेबोडके, तोंडाला रुमाल, नाकातून पाणी. आणि तुम्हाला सांगतो, ज्यासाठी इतका खटाटोप केला ते अखेर झालं. जिल्हाभर फिरतात, पण मास्तरांना आता एकही माणूस ओळखत नाही! परवा कुरुंद्याला सेवा हळदीतून पळत आला, थेट मागच्या सीटशी गेला, वाकून नमस्कार केला, चहाचा पहिला कप म्हातारीला दिला, दुसरा स्वतः घेतला. मास्तर बघतच राहिले, त्यानंच कावळा काढलेला! तेव्हा काच वर झाली आणि आतून आवाज आला,

"अरे, ड्रायव्हरला बी दे की अर्धा कप!"

आणि मास्तरांनी तो मुकाट्यानं घेतला.