राव सरांचे आठ दिवस

आमचे सीनियर राव सर, त्यांच्यावर मी फार चिडायचे. सिकंदराबादच्या एका हॉस्पिटलचं प्रायव्हेट क्लाउड, म्हणजे त्यांचा सगळा डेटा ठेवणारे त्यांचेच सर्व्हर, आम्ही दोघं सांभाळत होतो. स्टोरेज भरत आलेलं, आणि त्यात एक भलामोठा, बिननावाचा कप्पा. सहा महिन्यांत कोणी उघडलेलाही नाही.

"डिलीट करते," मी म्हटलं.

"नक्को अम्मा. पैले खाली नेटवर्क से निकालो. आठ दिन देखेंगे कौन चिल्लाता." हाताखालच्या मुलींना ते हैदराबादी थाटात अम्माच म्हणायचे.

"सर, तुमच्या वेगानं गेलो तर इथले सगळे पेशंट बरे होऊन घरी जातील!"

"अच्छाच है ना."

मी दात-ओठ खात तो कप्पा नुसता नेटवर्कवरून तोडला. पाचव्या दिवशी कॅन्सर विभागाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "जुने स्कॅन कुठे गेले? पेशंट सहा महिन्यांनी तपासणीला आलीय, गाठ वाढलीय का ते मी कशाशी ताडून बघू?"

स्कॅन त्याच बिननावाच्या कप्प्यात होते. सरांनी शांतपणे कप्पा परत जोडला आणि स्कॅन उघडले.

मी अक्षरशः हात जोडले. "सर, आज तुम्ही वाचवलंत. तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"किसीने नै, अम्मा," ते म्हणाले. "मैं डिलीट करा, तब रोकनेवाला कोई नै था."