आवळलेल्या तारा

सायकलच्या तारांवरून बायकोची माफी मागायची वेळ तुमच्यापैकी कोणावर आली का? माह्यावर आली, अन् तीही अकरा वर्षं उशिरा.

तवा नवं लग्न झालं होतं. बायकोले कॅरियरवर बसवून नाचणगावहून पुलगावच्या बाजारात चाललो होतो. मधातच मागच्या चाकातून टण्ण आवाज आला, मग आणखी दोनदा. उतरून पाह्यलं त तीन तारा तुटलेल्या. पानठेल्यावर ओळखीचे लोक उभे होते. मी मोठ्यानं म्हटलं, "माहेरचं जेवण लय मानवलं वाटते तुले!"

सगळे हासले. ती नाई हासली.

सायकल मिस्तरीकडे नेली. त्यानं उरलेल्या तारा बोटानं वाजवून पाह्यल्या अन् विचारलं, "ह्या कोणं आवळल्या?"

"मीच. चाक डुगडुगत होतं."

"एकाच बाजूनं मरेस्तोर आवळल्या तुमी. रिकामी सायकलही टिकली नसती."

हे घरी सांगाचं राहून गेलं. खरं म्हणजे, मीच राहू देल्लं. त्यानंतर ती कॅरियरवर कधी बसलीच नाई. "तुमी व्हा समोर, मी येतो पायी," एवढंच म्हणे.

अकरा वर्षांनी स्कूटर घेतली. पहिल्याच दिवशी ती पिशवी घेऊन पायीच निघाली, तवा माह्याच्यानं राहावलं नाई. मिस्तरी काय बोलला होता, ते सारं सांगून टाकलं.

ती म्हणे, "मिस्तरीनं मले त्याच आठवड्यात सांगतलं होतं. तुमी कवा सांगता, तेच पाहून राह्यली होती."