उसात गेलेला बॉल

आता रेफ्री खिशातून कार्ड काढतात, पण सत्तर-एकाहत्तरला आमच्या पठारे सरांकडे नुसती शिट्टी होती. राहुरीत फायनल चाललेली. सरांनी आपल्या बबनचा गोल ऑफसाइड दिला. बबननं त्यांना शिवी हासडली आणि बॉल लाथेनं शेजारच्या उसात घातला. आम्हाला वाटलं, गडी आता मैदानाबाहेर जाणार.

सर शांतपणे म्हणाले, "जा, घेऊन ये. तोवर कोणी खेळणार नाही."

अख्खं मैदान ताटकळलं. बऱ्याच वेळानं बबन बॉल घेऊन आला. हातांवर पाल्याचे ओरखडे, मान खाली.

"राग कुठाय?" सरांनी विचारलं.

"ऱ्हायला उसात, सर."

"मग खेळ."

मॅच आपण हरलो. पण संध्याकाळी सरांना वेशीपर्यंत सोडायला बबनच गेला, त्यांची सायकल हातात धरून.