टाकीवरचा दिवा

जावई : म्हणजे आई, तुम्ही काहीच केलं नाहीत?

सासू : खाणं वेळेवर दिलं, पाणी कमी झालं की कॅनमधलं घातलं. तुम्ही सांगून गेलात त्याच्या बाहेर एक पाऊल टाकलं नाही, जावईबापू.

जावई : मी ट्रेनिंगला गेलो तेव्हा टाकीतली ही समुद्री कोरलं तपकिरी होती, हिरवी होती, जांभळी होती. आज सगळी पांढरीफटक.

सासू : मला वाटलं, स्वच्छ झाली.

लेक : आई, तो रडेल हं आता.

जावई : रडत नाहीये. ही मधली फांदी आणली तेव्हा नखाएवढी होती. आता पंजाएवढी आहे. इतकी वर्षं रोज सकाळी उठून...

लेक : आधी तिची विचारपूस, मग माझी. माहीत आहे मला.

जावई : तू थांब गं. आई, दिव्याला कुणी हात लावला का?

सासू : दिव्याला होय. दिव्याला जरासा लावला.

जावई : जरासा म्हणजे?

सासू : ते पांढऱ्या उजेडाचं बटण असतं ना, ते फिरवलं. शेवटपर्यंत.

जावई : शेवटपर्यंत.

सासू : पुढे जात नव्हतं, म्हणून थांबले.

लेक : तरीच. ऑफिसातून आले की हॉलमध्ये गॉगल लावावासा वाटायचा. मला वाटलं, तूच तिकडून फोनच्या ॲपवर दिवा वाढवलायस.

सासू : अहो, मी काय करू? त्या तुमच्या निळ्या उजेडात काळा दोरा कुठला आणि निळा कुठला, कळेना. जन्म गेला माझा शिवणात, आणि तुमच्या हॉलमध्ये बसून अख्खी बाही चुकीच्या दोऱ्याने शिवली. सगळी उसवावी लागली. मग म्हटलं, दिवा आहेच शेजारी, करावा मोठा.

जावई : हॉलचा दिवा होता की.

सासू : त्या उजेडात माणूस ओळखू येतो, दोरा नाही. आणि उजेडाने कुणाचं वाईट झालंय? माझ्या गॅलरीतल्या कुंड्या उन्हात सरकवल्या की कशा तरारतात.

जावई : ही झाडं नाहीत, आई. प्राणी आहेत.

सासू : प्राणी? मग हूं का चूं का नाही केलं?

जावई : त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि यांना भरवतं. रंगसुद्धा बराचसा त्याचाच. पण उजेड झेपेनासा झाला की तेच शेवाळ त्रास द्यायला लागतं, आणि मग कोरल त्याला बाहेर काढतं.

सासू : म्हणजे रांधून घालणारीलाच घराबाहेर काढलं.

जावई : तसंच समजा. आता उपाशी बसलीत.

सासू : मेली की काय?

जावई : अजून नाही. जवळून बघा. अंगावरची कातडी शाबूत आहे, टोकं हलतायत. कातडी गळली असती तर संपलं होतं.

सासू : अगं बाई. जिवंत जनावर, आणि माझ्या हातून असं व्हावं. मी आपली उद्या निघते. तिकीट आहेच. तुम्हाला माझं तोंडसुद्धा नको दिसायला.

लेक : परतीचं तिकीट तू येतानाच काढलं होतंस. कोरलावर ढकलू नकोस.

जावई : पण शिवत काय होतात एवढं?

सासू : ते राहू दे आता.

लेक : तुझा शर्ट. दुकानातल्या बाह्या तुला मनगटाच्या वर राहतात, हे तिने लग्नातच हेरलं होतं.

जावई : घ्या. आता मी रागवायचं कसं?

सासू : खुशाल रागवा. शर्ट वेगळा, राग वेगळा.

जावई : (दिवा कमी करत) हे बघा. आता इतकाच ठेवायचा. मग दर आठवड्याला केसभर वाढवायचा. बारीक खाणं द्यायचं, आणि दिवसा लक्ष ठेवायचं, टोकं मिटली की पुन्हा कमी. आम्ही दोघं तर दिवसभर बाहेर.

सासू : किती दिवस चालणार हे?

जावई : रंग येईपर्यंत. दोन महिने, तीन महिने. आला तर.

सासू : आणि नाही आला तर?

जावई : तर तुमचा शर्ट घालून रडेन.

सासू : तशी वेळ नाही येऊ द्यायची. घोळ माझा, मीच निस्तरते. राहते मी.

लेक : वा गं वा. लग्न झाल्यापासून मी राहा राहा म्हणून घसा कोरडा करतेय. पंधरा दिवसांवर सोळावा कधी काढला नाहीस. आणि याच्या टाकीसाठी तीन महिने.

सासू : तुझं काय, तुझं सगळं जागच्या जागी असतं. तू कधी अशी पांढरी पडली होतीस?

लेक : पडले होते गं. मागच्या वर्षी, नोकरी सुटली तेव्हा. महिनाभर मला अंथरुणातून उठवत नव्हतं.

सासू : आपण रोज बोलत होतो तेव्हा.

लेक : हो. फोनवर रंग कुठे दिसतो.

सासू : मला म्हणायचं तरी होतंस.

लेक : तुला यायला लावायचं, आणि तू आलीस की आल्या दिवसापासून तुझ्या जाण्याचे दिवस मोजायचे. नको वाटलं.

सासू : इकडे ये. बस अशी माझ्याजवळ. आता सांग काय काय झालं ते. मला कुठे जायचं नाहीये.